मुदतीचे मैल

या मैलांना दगड नसतात.
मुदत असते.
एकतीस तारखेच्या मध्यरात्री
ते दुधासारखे नासतात.

म्हणून मी जागी आहे,
साओ पाउलोतल्या एका उंच इमारतीच्या
पार्किंगला लागून असलेल्या दीड खोलीत.
वर गेटपाशी, काचेच्या पेटीत
बाबाही जागे आहेत,
पण त्यांना त्याचा पगार मिळतो.

एकोणीस हजार चारशे मैल.
कशाचे किती, मला तोंडपाठ आहे.
फ्रीज, ज्याचं दार अजून नीट लागत नाही: दोन हजार.
गॅसच्या टाक्या, चपला, शाळेची फी, थेंबे थेंबे.
तिसऱ्या मजल्यावरच्या क्लेउझाबाईंचा टीव्ही
माझ्या कार्डावर घेतला,
त्या दरमहा रोख देतात, मैल आमचे.
आणि आईची औषधं, पाच हजार सहाशे.
तेव्हा दुकानात दुप्पट मैलांची योजना चालू होती.
काउंटरवरच्या मुलीनं हसून सांगितलं,
आणि मीही हसून
आभार मानले.

विमानात न बसता
आम्ही एवढं उडलो.

बाबा म्हणतात, फुकट? मग खोट असणार.
मी म्हणते, फुकट कुठलं, विमानतळाचा कर आहे,
कधीकधी तर नाकापेक्षा मोती जड.
मग त्यांना बरं वाटतं.

मंगळवारी पहाटे दर उतरतो म्हणतात.
पेट्रोलिना ते साओ पाउलो, साओ पाउलो ते पेट्रोलिना,
दोन्हीकडून सारखेच: चोवीस हजार.
कॉफी.
बावीस.
या अवाढव्य देशात कुठेतरी
आणखी कुणी असंच बोट टेकवून बसलंय,
पुन्हा चोवीस.
तीन वाजून दहा मिनिटांनी
अठरा हजार नऊशे.
एका माणसाचं. एकाच बाजूचं.

इंटरकॉम लावला.
बाबा, लवकर सांगा, जाताना की येताना?
मला वाटलं, जाताना म्हणतील.
देउझुइता आत्या आता माणसं आवाजावरून ओळखते,
आणि मागच्या महिन्यात फोनवर
तिनं मला आईच्या नावानं हाक मारली.

गेटची मोटर घरघरली.
"शुभ रात्री, डॉक्टर," ते कुणाला तरी म्हणाले,
अगदी नोकरीच्या आवाजात.
मग त्यांच्या स्वतःच्या:
"येताना."

दोन रात्री बसमध्ये? तुमचे गुडघे?

"एकोणतीस वर्षांपूर्वी त्याच रस्त्यानं आलो.
खिडकी दुसऱ्याची होती.
एका थांब्यावर एका बाईनं उंबूचं सरबत पाजलं,
पैसे घेतले नाहीत.
ते गाव कुठलं, एवढं तरी बघून घेईन.
जायला वेळ लागला तर लागू दे.
पण येताना, पोरी,
ती दारात उभी राहते.
धूळ बसेपर्यंत उभी राहते.
तिला दिसत नाही, तरी.
बस दर दहा मिनिटांनी थांबते
आणि दर वेळी वाटतं, उतरावं.
विमानाचं बरं असतं.
दार लावतात, संपलं."

विमानात कधी न बसलेला माणूस
हे इतक्या खात्रीनं म्हणाला.

मी नाव भरलं, ओळखपत्रावर आहे तसं,
झेनिवाल, पुढे लांबलचक आडनाव, रकान्यात न मावणारं.
खिडकीचे बत्तीस रेआल वेगळे.
बोट थांबलं.
त्यांना खाली बघायचं असेल का,
हे विचारायला पुन्हा इंटरकॉम लावणार होते.
नाही लावला.
मधली जागा मिळाली,
दोन अनोळखी खांद्यांच्या मध्ये.

उरले पाचशे.
त्यात काहीच येत नाही,
एक मासिकसुद्धा नाही.
एकतीसला रात्री बारा वाजता जातील.
माझ्या हिशेबानं ते
औषधांच्या शेवटच्या पावतीचे.
त्यातली एक पट्टी
अजून फोडलेली नाही.