बारदान वजा

ऐरोलीच्या ऑफिसात नव्या भरतीला
आम्ही देतो ती स्वभावचाचणी, साठ प्रश्नांची.
तिची एक प्रत मी डब्याच्या पिशवीतून घरी आणली
दौलत हाडवळेसाठी.

दौलत आमच्याकडे नोकरीला नाही.
तो माझ्या कादंबरीत आहे,
तीन प्रकरणं नुसता उभा,
तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात, काट्याशेजारी.
गाव ओतूरच्या पलीकडे, पंधरा वर्षं हमाली, मग मापाडी,
कानावर पेन्सिल.
चौथ्या प्रकरणात तो काय करेल, मला माहीत नाही.
म्हटलं, स्वभाव कळला की पाऊल आपोआप उचलेल.

कोपरखैरणे, सेक्टर सात. रात्रीचे साडेअकरा.
खालच्या मजल्यावर अजून कोणीतरी ड्रिल मारतंय.
प्रश्न पहिला:
समारंभात अनोळखी माणसांशी आपणहून बोलता का?
पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत, पाच गोल.
दौलत म्हणाला, समारंभ कुणाचा?
मुलीकडचे असू तर बोलावंच लागतं.

नववा:
निर्णय घेताना डोक्याचं ऐकता की मनाचं?
काट्याचं, म्हणाला.

चौदावा:
पुढच्या पाच वर्षांचा विचार करता?
गाडी पहाटे साडेतीनला लागते, म्हणाला,
आणि माझ्या डोक्यावरून घड्याळाकडे पाहिलं.

मी चिडले. कादंबरी माझी, पेन माझं.
परवा दिघ्याचा एक मुलगा
साठच्या साठ ठिकाणी पूर्ण सहमत करून गेला,
सोमवारपासून रुजू आहे,
आणि हा मीच घडवलेला माणूस मलाच आढेवेढे घेतो!
उरलेले गोल मी भरत सुटले.
एकटं राहायला आवडतं: सहमत.
बोलणी मनाला लागतात: पूर्ण सहमत.
कामं शेवटच्या दिवसावर ढकलतो: सहमत.
वाद नको म्हणून गप्प बसतो:
इथे पेन इतकं दाबलं की कागदाला भोक पडलं.

निकाल: अंतर्मुख, हळवा, स्वप्नाळू.
योग्य व्यवसाय: समुपदेशक, ग्रंथपाल.
गोणी वाहून ज्याच्या मानेला घट्टा पडला
तो ग्रंथपाल.
आणि मी तसं लिहूनही टाकलं, खोटं कशाला सांगू,
की दौलत हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर
संध्याकाळी काही ओळी खरडतो.
शी.

शनिवारी मार्केटात गेले, नुसती बघायला.
पायाखाली कांद्याची सालं, सोललेल्या उन्हासारखी नाही,
सालांसारखीच, आणि निसरडी.
एका गाळ्यासमोर एक मापाडी
(दौलत नव्हे, हा बुटका, पान खाणारा)
गोण चढवायचा, आकडा ओरडायचा,
आणि दर वेळी, न चुकता, मागून हळू आवाजात:
बारदान वजा.
गोणपाटाचं वजन ते, कांद्याच्या हिशेबात नाही धरायचं.
दहा-बारा गोणी मी तिथेच उभी होते.
तो म्हणाला, ताई, माल घ्यायचाय की कसं?

घरी येऊन चाचणी पुन्हा काढली.
एकटं राहायला आवडतं. कुणाला?
खोडलं.
बोलणी लागतात. खोडलं.
भोक पडलेला प्रश्न तर खोडायलाही कागद उरला नव्हता.
साठातले तीन राहिले,
तेच, ज्यांची उत्तरं त्याने दिली होती,
आणि ती कुठल्याच गोलात बसत नव्हती.

चौथं प्रकरण परवा लिहिलं. छोटं आहे.
पहाटेचे चार, गाडी लागलेली, 
एकविसावी गोण काट्यावर.
एकतीस वर्षांत ज्याने कधी केलं नाही
ते दौलतने केलं:
आकडा ओरडायच्या आधी
काट्याच्या कडेवर अंगठा टेकवला.
जेमतेम. पाव किलोचा.

कुणासाठी, ते मला अजून सांगितलेलं नाही.
मीही विचारलं नाही.
साठात तो प्रश्न नव्हताच.