हजेरी

सोमवार ते बुधवार अडावदची पाचवी ब
माझ्या फोनमध्ये भरते.
भाविक कोळीची चौकट काळी,
मागे केळीच्या क्रेटांची आदळआपट,
आणि अपूर्णांकाचं उत्तर सगळ्यांच्या आधी
टाईप होऊन, छेदासकट.

गुरुवारी तोच भाविक
पिकत्या केळीचा वास घेऊन
पहिल्या बाकावर.
हा वास फोनमधून कधी आला नव्हता.
फळ्यावर तेच गणित.
तो हातातला खडू बघत राहतो.

"काय रे, परवा तर झटकन..."
"मी नही, सर. ताई लिखस.
ती सातवीपाईन घरमाच से."

शाळा सुटल्यावर हजेरीपटात
शेवटच्या नावाखाली
पेन्सिलनं एक ओळ आखली.
नाव विचारायचं राहिलंच.
सोमवारी विचारीन,
कॅमेरा बंद असला तरी.