उकीर

एप्रिलात बर्फ ओसरलं की
आमच्या बटाट्याच्या वावरात उकीर उठतात,
ओल्या काळसर मातीचे,
कुणी टोपल्या पालथ्या घालत गेल्यासारखे
विहिरीपासून थेट अक्रोडाच्या झाडापर्यंत.
कोर-फारे, आई म्हणते. आंधळा उंदीर.
आणि पुढे एक शिवी, जी मी इथे लिहीत नाही.

मी त्याला एकदाच पाहिलं,
दुर्सूनच्या नांगराने बीळ उलथलं तेव्हा.
करड्या लोकरीचं गाठोडं,
शेपूट नाही, कान दिसत नाहीत,
आणि डोळे असावेत तिथे
नुसती कातडी, सलग.
शाळेतले मास्तर सांगत, खाली डोळे आहेत,
मोहरीएवढे. दिसत काही नाही,
पण उजाडलं की त्यांना कळतं.
आणि ओठ मिटतात ते दातांच्या मागे,
म्हणून दातांनी खोदताना माती तोंडात जात नाही.
हे ऐकून बाबा म्हणाले,
असे ओठ आम्हाला हवे होते.

बाबा. सातिल्मिश. बावीस वर्षं कोळशात.
पेन्शन घेऊन परतले किरशेहिरच्या या माळावर
जिथे आडोसा म्हणून काही नाही,
आणि तरी दिवा लावून झोपतात.

त्या वर्षी दुर्सूनने सापळा दिला:
एक नळी, एक छर्रा, एक दोरी.
बिळाला भोक पाडायचं आणि वाट बघायची.
वारा आत शिरलेला त्याला खपत नाही,
बुजवायला तो येतोच.
बाबांनी भोक पाडलं.
मग चहाचा रिकामा पेला जमिनीवर उपडा ठेवून
त्याला कान लावून पालथे पडले.

टक्. टकटक. टक्.

डोक्याने छत ठोकतो तो, खालून.
आईने हाक मारली, सूप गार झालं.
पुन्हा हाक मारली.
बाबा उठले नाहीत.

मी जन्मले त्या हिवाळ्यात
खाणीतल्या एका गॅलरीचं छत बसलं.
सात माणसं पलीकडे.
लोखंडी पाइपवर पाना आपटत होती ती,
आणि अलीकडून उत्तर देत होते बाबा.
एकतीस तास.
शेवटी पलीकडून काही येईना,
तरी हे ठोकतच राहिले,
कुणीतरी हातातून पाना काढून घेईपर्यंत.
एवढंच मला माहीत आहे, तेही आईकडून.

आता बाबांनी बोटाच्या पेराने
जमिनीवर वाजवलं. ठक्. ठक्.
खाली सगळं चिडीचूप.
मग आधीपेक्षा जोरात:
टकटकटक. टक्.

मी म्हणाले, बाबा,
हा जन्मभर एकटा राहतो.
शेजारी जवळ आला तर ठोकतो असा,
की ही माझी जागा, फिरकू नकोस.

"म्हणजे याला बाहेर यायचं नाहीये?"
नाही.
"कुणी यावं असंही नाही?"
नाही. तुम्ही चालते व्हा म्हणतोय.

बाबा हसायला लागले.
पोटावर पडल्या पडल्या, खोकला येईपर्यंत,
मिशीत माती, पेला एकीकडे कलंडलेला.
मग भोक स्वतःच्या हाताने बुजवलं,
टाचेने दाबलं,
आणि दुर्सूनला सापळा परत करताना सांगितलं,
तुझी स्प्रिंग सैल आहे.

ऑक्टोबरात बटाटे काढताना
आईच्या फावड्याखाली त्याचं पेव फुटलं:
आमचेच बटाटे, रानकांदे, केशरवर्गी फुलांचे कंद,
एकमेकांना लावून रचलेले,
आमच्या तळघराहून नीट.
आईने मोठ्याने मोजत गोणीत टाकले.
त्रेचाळीस.
बाबा काही बोलले नाहीत, अक्रोड फोडत होते.
तिने पाच परत ठेवले.
मग ती शिवी.
मग आणखी दोन.