मागचा हीटर

मायनॉटला शाळेच्या लिलावात बस घेतली.
चोवीस बाकं उपटली. प्रत्येक गंजका बोल्ट
एकेक शिवी घेऊनच बाहेर आला.
उरले तीन हीटर :
एक ड्रायव्हरच्या पायाशी, एक मधे,
एक पार मागे, डाव्या चाकाच्या उंचवट्याला टेकून,
पत्र्याच्या पेटीत पंखा लपवून.

मधल्याच्या जागी माझा ओटा येणार,
मागच्याच्या जागी पलंग.
नकाशावर मी दोघांनाही
पेन्सिलीनं खोडून टाकलं होतं, सहज.

शनिवारी शेजारचा ऑर्विन आला,
एकतीस वर्षं याच रस्त्यांवर पोरं वाहिलेला.
आल्याआल्या म्हणाला, कुत्र्याला घरात कोंड.
हे हिरवं पाणी गोड असतं,
चाटलं तर संध्याकाळ बघायचा नाही.
होजला चिमटे लावले,
आणि पाना हातात धरून थांबला.

"काढ की, मार्लिस. इंजिनपासून इथवर
सगळं जुनं रबर आहे,
फुटलं तर नेमकं तुझ्या गादीखाली फुटेल.
शिवाय बस उभी राहिली की
तासाभरात हाही गार.
शहाणी माणसं काढूनच टाकतात."
मग जरा वेळानं :
"शून्याखाली तीसमध्ये गाडी हाकलेली माणसं
ठेवतात."

मधला काढला. बादलीत हिरवी धार
आधी जोरात, मग थेंब थेंब,
मग नुसतीच आम्ही वाट बघत बसलेलो.
मागच्याची जाळी उघडली
तर पत्र्यांच्या फटींत जांभळा खडू वितळून बसलेला,
आणि लोकरीचा गुंता, लाल.
"ओले मोजे वाळत घालायची इथं एक पोरगी,"
ऑर्विन म्हणाला, "वास पार माझ्यापर्यंत यायचा.
ओरडायचो मी."
नाव त्याला आठवेना.
फक्त तिचा थांबा आठवला,
दोन टपालपेट्या आणि एक मोडका नांगर.

पलंग मी वीतभर उंच केला.
नवा होज, नवे क्लॅम्प, मधे एक वॉल्व्ह.
लाकडाची शेगडी वेगळी घेतली, मुक्कामासाठी.

जानेवारीत पहिली चक्कर मारली.
ऑर्विनला म्हटलं, पुढे बस माझ्याशेजारी.
तो सरळ मागे गेला.
बूट काढले, जाळीला तळवे लावले.
"एकतीस वर्षांत
मी इथं कधी बसलोच नव्हतो."

पंख्यातून जळक्या खडूचा वास येत होता.
आरशात मला
त्याची टोपी तेवढी दिसत होती.