चाळीस घरं

चाळीस घरांची ओळ, पंचवीस ओळींचं पान.
वरच्या कोपऱ्यात पान क्रमांक,
त्याच्यासाठी चार घरं आधीच राखायची.
ठळक, तिरपं, रंगीत सगळं काढून टाकलं.
डोळ्यांचे लाड इथं चालत नाहीत.

मशीन सुरू झालं की
उद्यमनगरातला खालचा लेथवाला वर बघून ओरडतो,
"काय ओ, गारा पडाय लागल्या काय?"

चौगुले सर पहिलं पान मांडीवर घेतात.
बोट धावतं, अडतं, मागं येतं.
"'बिंदू' फुटलाय. 'दू' खालच्या ओळीत.
म्हणजे बिंदू चौकाची रिक्षा केली
आणि 'बिं'लाच उतरलो."
शब्द अख्खा खाली घेतला.

मग सतरावं पान.
"शेजारचं चित्र पाहा, असं लिहिलंय.
पाहिलं मी. गुळगुळीत आहे."
मी ओशाळून ती ओळ खोडायला गेले.
"खोडू नका की. होतं काय चित्रात?"

चौथीचा भूगोल पुन्हा उघडला.
स्कॅन मीच केला होता, चित्र मीच कापलं होतं,
बघितलं नव्हतं.
गुऱ्हाळ. काहिलीवर वाफ.
कडेला एक बाई, ओंजळीत काहीतरी घेऊन,
तोंड दुसरीकडं.
हातात काय आहे, कळत नाही.

तेवढंच टाईप केलं,
कळत नाही, हेसुद्धा.

साडेतीन ओळी वाढल्या.
सतरावं पान अठरावर सांडलं,
अठरावं एकोणिसावर,
आणि मी अनुक्रमणिका
पहिल्यापासून बसवायला घेतली.