लाल पाटीच्या दुकानासमोर

लोक मले विचारतात, काऊन पेतात बाई हे माणसं,
जसं मी अंड्यांसोबत उत्तरही उकळते.

मी फुटाणे विकते. उकडलेले अंडे, कांदा, वरून तिखट-मीठ.
गोळीबार चौकातून आत, देशीच्या दुकानासमोर,
अठरा वर्षं झाली, संध्याकाळी सहा ते दहा.
बाटलीवर संत्रं छापलेलं आहे.
आत त्याची सालही नाही,
पण या शहरात संत्रा म्हटलं
की बाया एक समजतात, माणसं दुसरं.

माणिक मेश्रामचं कारण मले माहीत आहे.
तो मेयोच्या शवागारात टाके घालतो.
म्हणतो, नाकाले सवय होते, हाताले होत नाही.
अंडं सोलूनच मागतो,
स्वतः कधी सोलत नाही.
त्याले मी काही बोलत नाही.

पण तो सफारीवाला बाबू,
बढती भेटली म्हणून पेला, नाही भेटली म्हणून पेला,
मे महिन्यात ऊन लागते म्हणून,
आणि एकदा तर सासरा वाचला म्हणून.
शनिवारी वर्ध्याकडचे येतात. तिकडं बंदी आहे.
घाईघाईत पेतात, रात्रीची गाडी चुकते,
मग माझ्या पोत्यावर डोकं ठेवून झोपतात.
बंदीनं तहान नाही गेली,
तिकीट तेवढं लागलं.

डोमाबाई विटा वाहते.
माझ्या गाडीमागं बसून, पदराआड, एका घोटात.
म्हणते, पाठ झोपू देत नाही व माय.
दुकानात रोज दोनशे माणसं येतात.
लोक हसतात फक्त तिलेच.

पहिल्या पव्व्याले माणूस गोड होते,
सुट्टे पैसे सोडते, माझ्या पोरीची परीक्षा विचारते.
दुसऱ्याले त्याले भाऊ आठवते, प्लॉट आठवते, सात-बारा आठवते.
तिसऱ्यानंतर मी चिमटा जवळ घेऊन बसते.
माझ्या घरचा तिसऱ्यानंतरचाच होता.
त्याचं इतकंच.

गोपीचंद हेडाऊ पाचपावलीत मागावर बसायचा.
माग मोडला, लाकूड चुलीत गेलं,
मग एटीएमच्या दाराशी खुर्ची भेटली, रात्रभर जागायची.
मागच्या चैत्रात डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं
आणि यानं सोडली.
सोडली, तरी सात वाजता हजर.
दोन अंडे मागितले, गिलासभर पाणी.
हात असा हालत होता
की मीठ अंड्यावर कमी, चपलीवर जास्त.
म्हटलं, सोडली ना भाऊ, मग इथं काऊन?
म्हणे, "बसू कुठी, बाई?
घरी सून आहे, टीव्ही आहे.
देवळात गेलो तर हात जोडा लागते.
इथं कोणी विचारत नाही, काऊन बसला म्हणून."

मी एक क्रेट उलटा टाकून दिला.
तो बसला. एकोणीस दिवस बसला.
बाजूचे त्याले डिवचायचे, एखादा गिलास पुढं सरकवायचा,
तो माशी हाकलल्यासारखा हात करायचा
आणि मागाच्या गोष्टी सांगायचा,
कोणत्या धाग्याले कोणतं पाणी लागते.
एकोणिसाव्या दिवशी माणिक आला, अंडं मागितलं,
माझे हात कांद्यात होते.
हेडाऊनं उचललं, सोललं.
एक टवका नाही गेला पांढऱ्याचा.

विसाव्या दिवशी आला नाही.
कोणी म्हणते गोंदियाले पोरीकडं गेला,
कोणी म्हणते मानकापूरच्या दुकानात दिसला, उभा.
मी विचारत नाही.
क्रेट उचलला नाही अजून.

काल त्याच्यावर एक पोरगा बसला होता.
मिसरूड फुटलेलं, कॉलेजची बॅग,
पहिलाच घोट, डोळ्यांत पाणी,
दोस्त मोबाईल धरून खिदळत होते.
गिलास अर्धा बाकी होता.
मी त्याच्या हातात अंडं ठेवलं, गरम, सालीसकट.
म्हटलं, हे सोल बे आधी.
सावकाश.