टरफलं

वूहू शहरात, नदीच्या अंगाला,
शेअर दलालाच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये
मी झाडू मारते. सहा वर्षं झाली.
बाजार मला बोर्डावरून कळत नाही,
फरशीवरून कळतो.

सूर्यफुलाच्या बियांची टरफलं.
पूर्वी तीन वाजता बाजार मिटला की
सुपलीभर निघायची.
पेन्शनीतली पाच-सात माणसं, थर्मास, पत्त्यांचा डाव,
मागच्या रांगेत एकजण घोरत.

त्या वसंतात बादली भरली.
मग दोन. मग चार.
खुर्च्या पुरेनात म्हणून लोक घरून तिपाया आणू लागले.

आमच्याकडे लाल म्हणजे चढ, हिरवा म्हणजे उतार.
बोर्ड असा लाल, की
चष्म्यांवर, टकलांवर, थर्मासच्या झाकणांवर
लग्नघराचा उजेड.

आम्ही शेअर खेळत नाही, परततो,
कढईत पालेभाजी परतावी तसे.
आणि कढई लालबुंद झाली की
जो तो म्हणतो, करपेल ती शेजाऱ्याची,
माझी मी वेळेवर उतरवीन.

न्हावी बू तर ॲप्रनसकट यायचा,
गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तिकडे फेसात.
सूतगिरणीतून निवृत्त झालेली म्याओ श्वेछिन
खांबाजवळ बसायची, तिसऱ्या रांगेत.
तिच्या शेअरच्या आकड्यात नातवाची जन्मतारीख होती,
म्हणून घेतलेला.
कंपनी काय करते गं, मी विचारलं.
वर जाते, म्हणाली.

खातं उघडणाऱ्याला एक कागद मिळायचा:
बाजारात जोखीम आहे, विचार करून पाऊल टाका.
कागद चांगला जाड.
त्याचे शंकू व्हायचे, बिया ठेवायला.
संध्याकाळी मी जोखीम गोळा करायचे,
थुंकीने ओली, बादलीत दाबून.

मला सगळं दिसत होतं.
असं आता म्हणायला काय जातं?
पाचवी बादली भरली त्या दिवशी
मी हात धुतले, रांगेत उभी राहिले,
आणि अकरा हजार युआन खिडकीतून आत सरकवले.
नवऱ्याच्या कवळीसाठी ठेवलेले.
आतल्या पोराने मलाही कागद दिला.
घडी घालून मी तो खिशात ठेवला. नीट.

नऊ दिवस मी श्रीमंत होते.
झाडताना पाठ दुखत नव्हती.

मग हिरवं.
आधी एका कोपऱ्यात, शेवाळासारखं,
मग भिंतभर.
दहा टक्के पडला की भाव थांबतो.
थांबतो म्हणजे दया येते असं नाही.
विकणारे दाराशी दाटलेले,
पलीकडे घेणारं कुत्रं नाही,
आणि उद्या उघडताच पुन्हा तेवढंच.
आपलेच पैसे काचेपलीकडे आकडा होऊन बसलेले,
दर सकाळी थोडे आणखी रोड.

त्या दिवशी हॉल भरलेला होता
आणि कुणाचंही तोंड हलत नव्हतं.
तीन वाजता फरशी लख्ख.
सहा वर्षांत पहिल्यांदा झाडायला काही नव्हतं.
तरी झाडलं मी. कोपरे सुद्धा.

बूचं दुकान आता दुसरा कुणी चालवतो,
बू तिथेच नोकर आहे.
नवरा पाव पेजेत बुडवून खातो,
विचारत नाही काही.
त्याने विचारावं असं कधीकधी वाटतं.

म्याओ अजून येते.
घरी सांगते, बाजार सावरतोय.
खुर्ची फिरवून बोर्डाकडे पाठ करते,
दिवसभर दरवाजाकडे बघत बसते.
हॉलमध्ये एवढी जागा, की खोकला परत ऐकू येतो.

परवा जवळ आली,
माझ्या हातावर मूठभर बिया ठेवल्या.
खा, म्हणाली,
आणि टरफलं खालीच टाक गं.
ते वरचे विचारायला लागलेत,
झाडूवालीची गरज आहे का.